मशीन नवऱ्याचं, शेत मी शोधते: जुन्या नकाशांच्या साइटचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, हा मेटल डिटेक्टरचा रिव्ह्यू नाहीये. मशीनबद्दल विचारायचं असेल तर नवऱ्याला विचारा, तो तुम्हाला कॉइल, फ्रिक्वेन्सी, ग्राउंड बॅलन्स असं दीड तास ऐकवेल आणि तुम्ही चहा अर्धा टाकून उठाल. हा रिव्ह्यू आहे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या मॅप साइटचा. मशीन खांद्यावर टाकून कुठल्या शेतात जायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या शेतात अजिबात पाय ठेवायचा नाही, हे ठरवायची सुरुवात आमच्या घरात या साइटपासून होते.

आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो, मी मूळची बार्शीकडची. इथून जवळच, बकिंगहॅमशरमधल्या लेनबरोला २०१४ च्या डिसेंबरमध्ये एका डिटेक्टरवाल्याला अँग्लो-सॅक्सन काळातली पाच हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली होती, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून पुरलेली. ही गोष्ट नवऱ्याला ऑफिसात कोणीतरी सांगितली आणि झालं, माणूस कामातून गेला. सेकंडहँड मशीन आलं, फावडं आलं, गुडघ्याला बांधायच्या गाद्या आल्या. पहिल्या सहा महिन्यांची कमाई सांगू? कोल्ड्रिंकच्या कॅनच्या रिंगा, ट्रॅक्टरचे नट, बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं, आणि खिळे तर किलोवर. एकदा एक सुंदर चांदीसारखं काहीतरी निघालं, ती चॉकलेटची चांदी होती.

मग त्याने एक पेड ॲप घेतलं, वर्षाची फी एकदम भरून. नाव घेत नाही. त्यात नकाशावर पिना टोचलेल्या होत्या, 'इथे इतिहास आहे' टाइप. बहुतेक पिना गावातल्या चर्चवर. अहो चर्च तिथे आहे हे आम्हाला खिडकीतून दिसतंय की! रिफंडसाठी दोन मेल केले, उत्तर नाही, शेवटी नाद सोडला. नवऱ्याच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबमधल्या एका आजोबांनी (पंचाहत्तरीचे असतील, गमबूट घालूनच जन्मले असावेत असे) सांगितलं की पैसे कशाला घालवता, एडिंबराच्या लायब्ररीची (म्हणजे हीच नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंड) साइट उघडा, फुकट आहे.

फुकट म्हणजे खरंच फुकट. अकाउंट काढायला लागत नाही, 'सात दिवस ट्रायल' वगैरे भानगड नाही. आणि लायब्ररी स्कॉटलंडची असली तरी इंग्लंड-वेल्सचे ऑर्डनन्स सर्व्हेचे (इथलं सरकारी नकाशा खातं) जुने नकाशे स्कॅन करून, आजच्या नकाशावर बरोब्बर बसवून ठेवलेत. मला पहिल्यांदा वाटलं आपल्याला स्कॉटलंडचा काय उपयोग, म्हणून आठवडाभर उघडलीच नाही मी. मूर्खपणा.

आता मला ही साइट का कळली आणि नवऱ्याला का नाही, त्याचं कारण म्हणजे आमचे आण्णा तलाठी होते. लहानपणी घरात गाव नकाशाच्या गुंडाळ्या पडलेल्या असायच्या, मेणकापडावरच्या, आणि आम्ही पोरं त्यावर सोंगट्या खेळायचो आणि मार खायचो. त्यामुळे २५ इंची नकाशा (म्हणजे जमिनीवरचा एक मैल कागदावर साधारण २५ इंच) पहिल्यांदा स्क्रीनवर मोठा करून बघितला तेव्हा मी अक्षरशः ओरडले. प्रत्येक शेताला नंबर आणि नंबरच्या खाली क्षेत्र, एकरात, तीन दशांशापर्यंत! गट नंबर आणि क्षेत्र! बांध, पाणंद, विहीर, ओढा, ओढ्यावरचा साकव, सगळं. नवरा म्हणाला यात काय एवढं, मी म्हटलं तू गप्प बस आता, हा माझा विषय आहे.

वापरायचं कसं ते सांगते. दोन प्रकार मला आवडतात. एकात स्क्रीनचे दोन भाग होतात, डावीकडे जुना नकाशा, उजवीकडे आजचा सॅटेलाइट फोटो, आणि तुम्ही एका बाजूला माउस फिरवला की दुसऱ्या बाजूला त्याच जागी खूण फिरते. दुसऱ्यात जुना नकाशा आजच्या फोटोवर पसरलेला असतो आणि एक पट्टी सरकवून तो पारदर्शक करता येतो, म्हणजे १९०० सालचा बांध हळूहळू विरघळतो आणि खालून आजचं सलग गव्हाचं शेत वर येतं. हे मी पहिल्या रात्री किती वेळा केलं असेल याला हिशोब नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, वरणाचं पिठलं झालं. खाली कोपऱ्यात ग्रिड रेफरन्सही, म्हणजे त्या जागेचा नेमका पत्ता सांगणारे आकडे, दिसतो, त्याचा उपयोग पुढे सांगते.

आणि बघायचं काय, तर जे तेव्हा होतं आणि आता नाहीये ते. इथल्या शेतांचे कितीतरी बांध गेल्या शतकात मशीन फिरवता यावीत म्हणून उपटून टाकले, त्यामुळे आजचं एक शेत म्हणजे जुनी चार-पाच शेतं असतात. जुन्या बांधाचा कोपरा, जुनं फाटक, पायवाट जिथे कुंपण ओलांडते ती पायरी, ओढ्याचा उतार, या जागी माणसं थांबायची, बसायची, भाकरी खायची (बरं, ब्रेड आणि चीज), खिशातून काहीतरी पडायचं. नकाशावर एफ पी लिहिलंय म्हणजे पायवाट, पी एच म्हणजे दारूचा गुत्ता, स्मिदी म्हणजे लोहाराचं दुकान, डब्ल्यू म्हणजे विहीर. लोहाराच्या दुकानापासून लांब राहा हा माझा फुकटचा सल्ला, तिथे मशीन इतकं किंचाळतं की नवरा हेडफोन काढून बसला. आणखी एक, जुन्या वास्तूंची नावं नकाशावर वेगळ्या वळणाच्या अक्षरात असतात, मध्ययुगीन असेल तर जुन्या पोथीसारखं गॉथिक अक्षर, रोमन असेल तर वेगळं. हे एकदा डोळ्यात बसलं की नकाशा नुसता वरवर चाळला तरी ती अक्षरं टोचतात.

आमचं पहिलं खरं शेत असंच मिळालं. वॉटलिंग स्ट्रीट माहिती असेल, रोमन लोकांनी बांधलेला रस्ता, बराचसा आजचा ए ५ हायवे, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. सगळे डिटेक्टरवाले त्याच्या कडेच्याच शेतांमागे असतात आणि शेतकरी परवानगी मागणाऱ्यांना वैतागलेले असतात. मी रस्ता सोडला आणि त्यापासून आत जाणाऱ्या पायवाटा बघायला लागले. १८८८ ते १९१३ च्या दरम्यानचा जो ६ इंची नकाशा आहे त्यावर एक पायवाट दोन गावांच्या मधे सरळ येते, मग एका शेतात अचानक वाकडी होते, ओढ्याशी जाते आणि परत सरळ. आजच्या फोटोत पायवाट नाही, बांध नाही, काही नाही, नुसता गहू. मी नवऱ्याला म्हटलं माणूस विनाकारण वाकडा चालत नाही, तिथे काहीतरी होतं.

इथे या साइटवर जे नाही ते सांगावं लागेल, कारण वाकड्या वाटेचं उत्तर तिथे नव्हतं. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्यानंतर टाइथ मॅप बनले, म्हणजे चर्चला जो धान्याचा दहावा हिस्सा द्यायचा तो पैशात ठरवण्यासाठी गावोगावचे नकाशे, आणि सोबत यादी, कुठल्या नंबरचं शेत कुणाचं, कसतो कोण, क्षेत्र किती, पीक का कुरण, आणि शेताचं नाव! हे ऐकून आण्णा फोनवर म्हणाले, "म्हणजे सातबाराच की गं." सातबाराच, आण्णा. हे नकाशे लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, बऱ्याच काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसातही प्रत असते, मी आमच्या इथल्या ऑफिसात जाऊन बघितली, पेन बाहेर ठेवून पेन्सिल घेऊन बसायचं, भारी वाटतं. शेतांची नावं अशी की आपल्याकडे कसं देवळाचा मळा, बाजारतळ, गढीमागचं, फाशीचा माळ असतं ना, सेम. चॅपल क्लोज, गॅलोज फील्ड, फेअर फील्ड. नावात बट्स असेल तर कधीकधी गावच्या लोकांची तिरंदाजीच्या सरावाची जागा. (कधीकधीच हां, बऱ्याचदा बट्स म्हणजे नांगराचा नुसता तोकडा पट्टा पण असतो, मी एकदा फसलेय.) आमच्या शेताच्या नावात फेअर होतं. जत्रेची जागा. म्हणून वाट वाकडी.

आण्णांनी यावर एक प्रश्न विचारला, "तिथली माती पांढरी आहे का?" आपल्याकडे गावाची जमीन म्हणजे काळी आणि पांढरी, काळी कसायची, पांढरी वस्तीची, आणि महाराष्ट्रात जुन्या वस्त्यांच्या जागा पांढरीच्या टेकाडांवरूनच ओळखतात. इथे उलटं, जुनी वस्ती असेल तिथली माती बऱ्याचदा आजूबाजूपेक्षा गडद दिसते, चुलीची राख, शेण, कचरा मुरून. पण पद्धत तीच, आधी माती बघा. आण्णा आयुष्यात इंग्लंडला आलेले नाहीत आणि मशीनवाल्या जावयाला नसतं कळलं ते त्यांनी बसल्या जागी विचारलं.

परवानगी. इथली सगळी जमीन कुणाची ना कुणाची असते, न विचारता घुसलात तर घुसखोरी आणि काही उचललंत तर चोरी. मी शेतकऱ्याला पत्र लिहिलं आणि सोबत त्याच्या शेताचा जुना नकाशा प्रिंट करून जोडला, त्याच्या गेलेल्या बांधांसकट. याआधी नवऱ्याने अकरा पत्रं पाठवली होती, शून्य उत्तरं. या पत्राला तीन दिवसांत फोन! म्हातारा नकाशा बघून इतका खूश झाला की आधी आम्हालाच तासभर सांगत बसला, हा बांध माझ्या वडिलांनी काढला, हे तळं मी लहानपणी बुजताना बघितलंय. परवानगी शेवटी दोन मिनिटांत दिली, लेखी, जे सापडेल ते निम्मं निम्मं. लेखीच घ्या, आणि क्लबचा इन्शुरन्स असेल तर तोही दाखवा. अटी दोनच, मेंढ्या असतील तेव्हा फाटक लावा आणि पेरणी झाली की फिरकू नका. त्यामुळे आमचा सीझन म्हणजे कापणी ते पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरची धसकटं तुडवत.

काय सापडलं हे विचारणारच तुम्ही. त्या वाकड्या वाटेवर पहिल्याच दिवशी १७९७ चा तिसऱ्या जॉर्जचा तांब्याचा पेनी, ज्याला इथे कार्टव्हील म्हणतात, गाडीचं चाक, खरंच एक औंसाचा ठोकळा आहे. बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडलेला. आणि मला नंतर वाचताना कळलं की त्याच सोहो टांकसाळीतून १७९१ मध्ये आपल्या मुंबई इलाख्यासाठी कंपनी सरकारची तराजूवाली तांब्याची नाणी पाडून पाठवली होती. अंगावर काटा आला. एका टांकसाळीतला एक पैसा इथल्या शेतात पडला आणि त्याचे भाऊबंद आपल्याकडच्या बाजारात गेले.

तिसऱ्या रविवारी पहिल्या एलिझाबेथचा चांदीचा सिक्सपेन्स, १५७३ सालचा. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ५७ वर्षं आधीचा, हाताने ठोकून पाडलेला, कागदासारखा पातळ, राणीच्या डोक्यामागे गुलाब. नवरा शेतात बसला. नुसता बसला.

आता साइटचा दुसरा खजिना, लायडार. लेयरच्या यादीत खाली जाऊन शोधायला लागतं पण आहे. विमानातून लेसर सोडून जमिनीचा चढउतार मोजतात आणि झाडंबिडं काढून टाकून नुसती जमीन दाखवतात. आमच्याकडे आणि शेजारच्या नॉर्थहॅम्प्टनशरमध्ये तर मध्ययुगीन नांगरटीच्या सऱ्या-वरंबे इतके स्पष्ट दिसतात की कॉर्डुरॉयच्या पँटचं कापड वाटावं. आणि मधे सऱ्या थांबून चौकोनी उंचवटे दिसले, मधून खोलगट रस्ता, तर समजा की उठून गेलेलं गाव.

असं एक गाव मला रात्री साडेअकराला सापडलं आणि मी नवऱ्याला झोपेतून उठवलं, उठ रे, गाव सापडलं! तो अर्धवट झोपेत म्हणाला यादी बघितलीस का. नव्हती बघितली. हिस्टोरिक इंग्लंडच्या (इथल्या जुन्या वास्तू जपणारी संस्था) यादीचा नकाशा दुसऱ्या टॅबमध्ये उघडला तर तो अख्खा तुकडा शेड्यूल्ड मॉन्युमेंट, म्हणजे कायद्याने संरक्षित. तिथे १९७९ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा, मालक हो म्हणाला तरी. त्यामुळे जुन्या नकाशात काही दिसलं की ही यादी आणि हेरिटेज गेटवे (पुरातत्त्वाच्या नोंदी शोधायची साइट) या दोन्ही गोष्टी बघितल्याशिवाय पत्र लिहायचं नाही हा आता घरचा नियम आहे. आणि शेड्यूल्ड नसलं तरी न नांगरलेल्या कुरणात असा उंचवटा दिसला तर आम्ही जात नाही. नांगरटीत वस्तू आधीच जागेवरून हललेली असते, पण कुरणाखाली सगळं जिथल्या तिथे असतं, ते उकरलं की आर्किऑलॉजिस्टला वाचायला काही उरत नाही.

ग्रिड रेफरन्सचं म्हटलं होतं ना. प्रत्येक काउंटीसाठी फाइंड्स लायझन ऑफिसर असतो, सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारा, सगळे फ्लो म्हणतात, त्याच्याकडे वस्तू नेली की तो पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या डेटाबेसमध्ये नोंदवतो, तिथे १५ लाखांहून जास्त वस्तू आहेत आता. त्याला 'अमुक गावाजवळ' चालत नाही, आकडे लागतात. एकच सुटं नाणं सहसा कायद्याने ट्रेझर (खजिना) ठरत नाही, पण ३०० वर्षांहून जुनी दोन सोन्याचांदीची नाणी एकत्र निघाली की १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागतो, १४ दिवसांत कळवायचं. लपवून काय होतं ते लेमस्टरजवळ खणणाऱ्यांना विचारा, २०१५ मध्ये व्हायकिंग काळातला साठा सापडला, कळवलं नाही, विकायला निघाले, २०१९ मध्ये तुरुंगात गेले. स्कॉटलंडचा कायदा आणखी वेगळा आहे, तिथे असल्या सापडलेल्या वस्तूंवर आधी राजाचा हक्क. सुट्टीला जाताना मशीन नेणार असाल तर हे डोक्यात ठेवा.

गावाकडून फोन येतातच, "मशीन घेऊन या की इकडं, गढीत लई आहे म्हणतात." एका काकांनी तर पायाळू माणूस पण शोधून ठेवलाय, मशीन आणि पायाळू असं डबल चेकिंग! काका, नका. आपल्याकडे १८७८ चा कायदा अजून आहे, जमिनीत लपलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, संरक्षित किल्ले-लेण्यांवर खोदणं तर विषयच सोडा. आम्ही मशीन भारतात आणत नाही, विषय संपला.

साइटबद्दल तक्रारीच सांगायच्या तर, फोनवर वापरू नका, बोटाने पट्टी सरकवताना नकाशाच सरकतो आणि आपण भलत्याच गावात. लेयरची यादी लांबलचक, पहिल्यांदा बघणाऱ्याला घाबरायला होईल, सरळ २५ इंची १८९२ ते १९१४ वालं निवडा आणि बाकीचं नंतर. त्याच्या मागची आवृत्ती हवी असेल तर सुटी शीटं उघडून बघायला लागतात, पण बघा, पहिल्या आवृत्तीत बांधावरची झाडंसुद्धा एकेक काढलेली असतात. आणि वेळ जातो. मी पाच मिनिटं म्हणून बसते आणि दीड वाजतो.

पाचपैकी पाच. अर्धा स्टार वरणाचा कापणार होते, पण ती चूक माझी.

परवा आण्णांना त्या जत्रेच्या शेताचा २५ इंची नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवला, नुसता बघायला. आम्ही दोन सीझन त्या शेतात फिरलोय, इंच न् इंच बघितलाय असं नवरा म्हणतो. संध्याकाळी आण्णांचा मेसेज आला, स्क्रीनशॉटवर लाल गोल करून, "उत्तरेच्या बांधाला इथं खाच का आहे? बांध असा उगाच आत घेत नाहीत." मोठं करून बघितलं तर खाचेत एक बारीक टिंब आणि शेजारी डब्ल्यू. विहीर. नवऱ्याला दाखवलं तर तो काही बोलला नाही, मशीन चार्जिंगला लावून आला.